पाच खाली, एक उजवीकडे

दि. ३ जून

स्वस्ति श्री. सकलपटलमंडलाधीश, कोटिबिंदुविभूषित, पूर्वावृत्तिकुलांतक, पुनरारंभप्रिय, अर्धघटिकाप्रतीक्षादायक, निष्कारणप्रश्नकर्ते श्रीमन्महाराज नववे यांच्या राज्यारोहणप्रसंगी त्यांचे आज्ञाधारक संगणकाधिकारी, मुख्य कार्यालय, दुसरा मजला, गळक्या खिडकीजवळची खुर्ची, यांजकडून

चि. बारक्या यास अ. उ. आ.

वरील बिरुदावली टोचताना माझे मनगट धरले आहे, तेव्हा वाचताना तू बोट भरभर फिरवून तिचा अपमान करू नयेस. सारांश असा की, येत्या सोमवारी तुमच्या रुग्णालयातील सर्व संगणकांची कार्यप्रणाली बदलते आहे. आठवी आवृत्ती पायउतार होते, नववी गादीवर बसते. पाचही रुग्णालयांचा संगणकाधिकारी या नात्याने त्याचे परिपत्रक मीच काढले असल्याने पहिली शिवी मला देण्याचा तुझा हक्क अबाधित आहे.

या राजघराण्याचा इतिहास तुला पाठ आहे, तरी रीत म्हणून उजळणी करतो. दुसरे महाराज गादीवर आले तेव्हा तू नुकताच नोकरीला लागला होतास, आणि ज्याला डोळ्यांनी दिसत नाही तो संगणक कसा चालविणार, असे तुझे तेव्हाचे साहेब सर्वांना विचारीत हिंडत होते. मी पडद्यावरच्या याद्या मोजल्या, कोणता शब्द किती खाली आणि किती उजवीकडे ते ब्रेलमध्ये टोचले आणि तुला पाठविले. साहेबांचे हिंडणे थांबले. तेव्हापासून प्रत्येक राज्यारोहणाला माझे एक पत्र, हा प्रघात. दूरध्वनीवर हे सांगता आले असते, परंतु दूरध्वनी डाव्या तळव्याखाली ठेवून उजव्या हाताने काम करता येत नाही. चौथे महाराज मितभाषी होते. सहावे दयाळू, त्यांच्या राज्यात कोणाचे काही हरवले नाही. सातवे वर्षभरात गेले आणि त्यांच्याविषयी त्यांचे निर्मातेदेखील चांगले बोलत नाहीत. आठव्यांनी तुला तो पोपट दिला, म्हणजे पडद्यावरचे वाचून दाखविणारी प्रणाली. त्याबद्दल त्यांना सद्गती लाभो.

तो पोपट नवव्यांच्या दरबारात अद्याप रुजू झालेला नाही. विक्रेता पंधरवडा म्हणतो. तोवर तुझ्यापाशी प्रशिक्षक बसवावा, नाहीतर तुला रजा द्यावी, असे तुमच्या साहेबांनी सुचविले होते. आमच्या घरात याची गरज पडत नाही, असे मी त्यांना सविनय कळविले. डॉक्टर बोलतात ते तू ध्वनिफितीवरून ऐकतोस, टंकन तुझ्या बोटांना झोपेतही येते. राहिला प्रश्न तयार अहवाल संग्रहात पोचविण्याचा, जिथून वॉर्ड तो उचलतात. एवढ्यासाठी पोपट कशाला? दादा आहे.

तर नीट लक्षात घे. अहवाल पुरा झाला की नेहमीच्या कळीने यादी उघड. पाच खाली, एंटर. तेथे ‘संग्रहात हलवा’ आहे. मग महाराज प्रश्न विचारतील. त्यांना प्रश्नांचा फार शौक: खात्री आहे का, नक्की ना, पुन्हा विचार केला का. त्यांचे समाधान करीत बसलास तर निवृत्त होशील. एक उजवीकडे, एंटर, म्हणजे ‘होय’. मी स्वतः चाळीस वेळा करून पाहिले, तेही डोळे मिटून.

आमच्या भावजयीस आशीर्वाद. कळावे. लोभ आहेच, नव्या राज्यात त्यावर कर बसू नये, ही प्रार्थना.

तुझा दादा


दि. १६ जून

ती. दादास बारक्याचा शि. सा. न. वि. वि.

तुझी बिरुदावली वाचायला सोळा मिनिटं लागली. मी घड्याळ चाचपून मोजली. ‘पूर्वावृत्तिकुलांतक’वरून बोट दोनदा घसरलं. ही म्हणाली, इतकं हसताय तर मोठ्याने वाचा. मोठ्याने वाचलं तर तिचं मत असं पडलं की तुम्ही दोघे भाऊ मिळून एक पुरा माणूस होता. कोणाकडे कोणता अर्धा, ते तिने सांगितलं नाही.

आज नवव्यांच्या राज्यातला आठवा दिवस. यंत्र मुकं आहे. पहिल्या दिवशी फार विचित्र वाटलं, खोलीत कोणी तरी बसलंय आणि बोलत नाही असं. पण तुझं पत्र डाव्या हाताखाली आहे. आता तर तेही लागत नाही, बोटं आपोआप जातात. पाच खाली, एंटर, एक उजवीकडे, एंटर. काल एकवीस अहवाल झाले. आमच्या साहेबांना मी मनात किल्ल्या म्हणतो, कारण ते येण्याआधी त्यांच्या कमरेचा जुडगा येतो. तर किल्ल्या काल माझ्या मागे बराच वेळ उभे होते. पडद्यावर काही दिसत नसलेल्या माणसाला काही बोलत नसलेलं यंत्र चालवताना आपण पहिल्यांदाच बघतोय, असं ते शेजारच्या टकटकबाईंना म्हणाले. टकटकबाई आमच्या दुसऱ्या टंकलेखिका. टाचांवरून नाव पडलं. त्या म्हणाल्या, याच्या भावाचं पत्र आलंय. त्यांच्या बोलण्यात थोडा मत्सर होता, मला आवडला.

तुझे महाराज चपळ आहेत, हे मान्य केलं पाहिजे. आठव्यांच्या वेळी अहवाल संग्रहात जाताना यंत्र जरा घुरघुरायचं, जड सामान उचलल्यासारखं. हे झटक्यात करतात. आवाजसुद्धा नाही.

रोज पाच वाजता नेमाप्रमाणे दिवसभराच्या ध्वनिफिती पुसून टाकतो आणि कोऱ्या करून डॉक्टरांकडे परत पाठवतो. रुग्णांचं बोलणं टेबलावर पडून राहू नये, हा तुमच्याच कार्यालयाचा नियम. वॉर्डातल्या दोन परिचारिका येऊन गेल्या, अहवाल दिसत नाहीत म्हणत होत्या. किल्ल्यांनी त्यांना सांगितलं, नवीन आहे, रुळायला वेळ लागेल. सध्या सगळ्या मजल्यांवर हेच उत्तर आहे. लिफ्ट अडकली तरी.

मनगटाला तेल लाव. लोभ कमी झाल्यास पुढच्या आवृत्तीपर्यंत न थांबता कळवावे.

तुझा बारक्या


दि. २० जून

ती. दादास सा. न.

पोपट आज आला. विक्रेत्याच्या माणसाने तो चालू केला, माझ्या कानाला लावला आणि तो पुढच्या खोलीत गेला. मी हातातला अहवाल पुरा केला, यादी उघडली, पाच खाली गेलो. पोपट म्हणाला, ‘कायमचे पुसा’.

मला वाटलं, नवीन आहे, रुळायला वेळ लागेल. एक वर गेलो. चौथ्यावर तो म्हणाला, ‘संग्रहात हलवा’. पुन्हा खाली आलो. ‘कायमचे पुसा’. असा सहा वेळा खालीवर गेलो. मग दोन्ही हात मांडीवर ठेवले. टकटकबाईंनी विचारलं, बरं वाटत नाही का. मी त्यांना त्या संग्रहात बघायला सांगितलं. त्यांनी तो उघडला. कालच्या तारखेला काही नाही, परवाच्या नाही, सोमवारच्या नाही, असं त्या एकेक करून वाचत गेल्या आणि आठ तारखेवर थांबल्या.

अकरा दिवस. एकशे त्र्याऐंशी अहवाल. ध्वनिफिती मीच पुसलेल्या. विक्रेत्याच्या माणसाला परत बोलावलं. तो म्हणाला, हा ‘कायमचे’ शब्द त्यांनी नवव्या आवृत्तीत खरा करून दाखवला आहे, आधीच्या आवृत्त्यांत काही तरी उरायचं.

तू कोणत्या यंत्रावर मोजलं होतंस?

बारक्या


दि. २४ जून

विघ्नवार्तासन्मुख, धैर्यमेरू, एकशेत्र्याऐंशीसंकटसहिष्णू चि. बारक्या यास अ. उ. आ.

तुझे पत्र पावले. प्रथम स्वतःस सावर. अशा प्रसंगी दोष हा कळपातून चुकलेल्या वासरासारखा असतो. कोणाच्याही दारी जाऊन उभा राहतो. त्यास लगेच दावणीला बांधण्याची घाई करू नये. विक्रेता आहे, विजेचा दाब आहे, तुमच्या इमारतीतल्या तारा तर माझ्या वयाच्या आहेत. शिवाय हल्लीचे महाराज आपण होऊन याद्यांचा क्रम बदलतात असेही ऐकिवात आहे. ज्यांनी ऐकविले ते फारसे विश्वासार्ह नाहीत, तरी ऐकिवात आहे.

मी येणारच होतो, पण आता चौकशी बसेल. चौकशीच्या काळात संगणकाधिकाऱ्याने भावाच्या घरी उतरणे सभ्य दिसणार नाही. येथून जे करता येईल ते करतो. डॉक्टर मंडळींना स्मरणावरून अहवाल पुन्हा सांगता येतील. त्यांची स्मरणशक्ती मोठी असते, असा त्यांचा स्वतःचा समज आहे.

आणि हे बघ, मनुष्याकडून मोजताना चूक होणे स्वाभाविक आहे. यंत्र मुके, खोलीत वर्दळ, त्यात कामाची घाई. एखादा बाण खाली जास्त पडला असल्यास त्यात लाजण्यासारखे काही नाही, आणि चौकशीत तसे सांगितल्यास फार तर समज देऊन सोडतील. विचार कर.

पोटात अन्न जाऊ दे. लोभ तसाच आहे, किंबहुना या आठवड्यात जास्तच लागेल.

तुझा दादा


दि. २९ जून

ती. दादास सा. न. वि. वि.

चौकशी काल झाली. लांब टेबल होतं, पाच माणसं. दोघांच्या खुर्च्या करकरत होत्या, तिसरा सतत पाणी पीत होता. मी त्यांना सांगितलं की मोजताना माझ्याकडून चूक झाली. एक बाण जास्त पडत गेला. तू सुचवलंस तसंच, तुझ्याच शब्दांत. प्रशिक्षक का नाकारला, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, माझा हट्ट होता. निर्णय होईपर्यंत मला कामावरून बाजूला बसवलं आहे.

तुझं पत्र खणात होतं. किल्ल्यांनी खण तपासताना ते उचललं, मला कागदाचा आवाज ओळखू आला. पावसात भिजून खराब झालेला कोरा कागद समजून त्यांनी ते परत ठेवलं. त्या खोलीत ते वाचू शकेल असा मी एकटाच होतो आणि मला कोणी वाचायला सांगितलं नाही.

डॉक्टरांच्या स्मरणशक्तीबद्दल तुझा समज त्यांच्याइतकाच चुकीचा आहे. एकशे त्र्याऐंशीपैकी नव्वदएक पुन्हा सांगून झाले. बाकीच्यांचं ते म्हणतात, रोज वीस माणसं बघतो, कोणाचं काय ते कसं आठवणार. एक बसचालक आहे. त्याला भूल देऊन घशात आत बघितलं होतं. काय दिसलं ते डॉक्टरांनी फितीवर सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी ते नोकरी सोडून गेले. ती फीत मी टंकली आहे दादा. मला ती आठवते. त्यात काय होतं ते मी किल्ल्यांना सांगितलं, तर ते म्हणाले, टंकलेखकाच्या आठवणीवर उपचार करता येत नाहीत. बरोबर आहे त्यांचं. त्याला काल पुन्हा भूल दिली. मधले वीस दिवस गेले.

त्याची बायको माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. कोणी तरी तिला मी दाखवला असेल. ती कोण, ते टकटकबाईंनी हळूच सांगितलं. तिच्या हातातल्या प्लास्टिकच्या पिशवीचा आवाज बराच वेळ येत होता. मी उठून उभा राहिलो. तिला बसायला सांगावं, हे मला ती गेल्यावर सुचलं.

आता तुझ्याबद्दल. एकशे त्र्याऐंशी वेळा, अकरा दिवस, दर वेळी नेमका एकच बाण जास्त? तुझ्या सात पत्रांवर मी इतकी वर्षं काम केलं, एकदा तरी माझी मोजणी चुकली होती का? चौकशीत खोटं बोलायला मला जड गेलं नाही. तू मला ते खरं म्हणून सांगितलंस, ते जड गेलं.

यंत्राचं तू सांगितलं नाहीस. तिसऱ्यांदा विचारणार नाही.

लोभाचं काय लिहायचं ते सुचत नाही.

बारक्या


दि. ४ जुलै

चि. बारक्या यास आशीर्वाद.

माझ्या यंत्रावर मोजलं. ऑफिसातल्या, माझ्या स्वतःच्या.

त्या यंत्रावर पाचवी आवृत्ती होती, तिच्यावरच सहावी चढवली, तिच्यावर सातवी, आठवी, आणि आता नववी. कधीच पुसून कोरं केलं नाही. त्यामुळे आधीच्या राजवटींचं काहीबाही त्यात राहून गेलंय. यादीत चौथ्या जागेवर ‘जुन्या पद्धतीने छापा’ असं एक कलम आहे. ते सहाव्या आवृत्तीचं आहे, त्या पद्धतीचं छपाईयंत्रसुद्धा आता जगात नसेल. ते तिथे बसलंय म्हणून ‘संग्रहात हलवा’ पाचवं येतं. तुमची यंत्रं पुसून त्यांच्यावर कोरी नववी टाकली. तिथे ते कलम नाही. संग्रह चौथा, आणि पाचवं ते ‘कायमचे पुसा’.

तुमची यंत्रं पुसून कोरी करा, जुनं काहीही शिल्लक ठेवू नका, हा हुकूम माझ्याच परिपत्रकात आहे. तिसरा परिच्छेद. माझ्या यंत्रातलं काही काढायला माझं मन झालं नाही, एवढंच. त्यात तुला पाठवलेल्या सगळ्या नकाशांच्या मूळ प्रती आहेत. कोऱ्या यंत्रावर एकदा मोजून बघ, असं माझा सहायक म्हणाला होता. मी त्याला म्हणालो, माझं मोजणं एकोणीस वर्षं चुकलेलं नाही. तुझ्या आधी ते वाक्य मी वापरून झालोय.

तुझं वीस तारखेचं पत्र वाचलं आणि दहा मिनिटांत मला कळलं होतं. शेजारच्या टेबलावर कोरं यंत्र होतं, उठून जाऊन मोजलं. त्यानंतर चार दिवस घेऊन मी तुला ते वासराचं पत्र लिहिलं. तुझ्या अंगावर बाण टाकायचा, हे त्यातल्या पहिल्या ओळीच्या आधीच ठरलं होतं. बाकीचे विनोद त्याच्यासाठी होते.

हे सगळं मी आज व्यवस्थापनाला लिहून पाठवलं आहे, माझ्या सहीने, तीन तारखेच्या नकाशाची प्रत जोडून. तू कोणाला काही सांगायची गरज नाही. त्यांनी मला काढलं तर काढोत. तुला परत पूर्ववत बसवावं आणि चौकशीच्या कागदावरून तुझं नाव खोडावं, एवढंच मागितलं आहे.

तुझं एकोणतीस तारखेचं पत्र मी खिडकीत तिरपं धरून वाचतो. तुझ्यासारखं बोटाने वाचायला मी कधी शिकलो नाही, टिंबांच्या सावल्या बघून वाचतो. त्या बाईच्या पिशवीपाशी आलो की पुढे जाता येत नाही.

एक मागायचं आहे. माझ्या मोजण्यावर पुन्हा विसंबू नकोस, मीच विसंबणार नाही. चिडलास तर चीड, येऊ नको म्हणालास तर येणार नाही. पण मला दादाच म्हण. तू लहानपणी माझा सदरा धरून चालायचास तेव्हापासून ते एकच पद माझ्याकडे आहे, बाकीची सगळी मी स्वतःच टोचलेली आहेत.

दादा


दि. १५ जुलै

ती. बंधुवर्यांस कृ. सा. न. वि. वि.

आपलं चार तारखेचं दोन पानी पत्र मिळालं. व्यवस्थापनाला आपण पाठवलेलं पत्रही साहेबांनी मला खोलीत बोलावून पूर्ण वाचून दाखवलं. वाचताना ते दोनदा थांबले. आजकाल अशी माणसं राहिली नाहीत, असं ते म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं की त्याने आता काही फरक पडत नाही. नवव्या आवृत्तीत एक सोय पहिल्यापासून होती, कोणी उघडून पाहिली नव्हती. डॉक्टरांनी यंत्राकडे बघून बोलायचं आणि यंत्र आपोआप टंकतं. मला कामावरून बाजूला बसवल्यावर फितींचा ढीग साचला, म्हणून कोणी तरी ती उघडून बघितली. चुका होतात, पण डॉक्टर त्या डोळ्यांनी बघून दुरुस्त करतात. त्यामुळे टंकलेखकाची दोन्ही पदं महिनाअखेर बंद होत आहेत. टकटकबाईंनी त्याच दिवशी स्वतःची खुर्चीवरची उशी घरी नेली. चौकशीच्या कागदावरून माझं नाव खोडलं आहे. ज्या पदावरचा माणूस चुकला होता ते पदच उरलं नाही, तेव्हा नाव ठेवायला अडचण येत होती, असं कारकून म्हणाला.

ती सोय यादीत कितवी आहे, ते मी विचारलं नाही.

महिनाअखेरपर्यंत मी नेमाने जाऊन बसतो. फिती येत नाहीत. फीत मागेपुढे करायचं पायाखालचं पेडल अजून तिथेच आहे, पाय सवयीने त्याच्यावर जातो. पलीकडच्या खोलीत डॉक्टर यंत्राशी बोलतात ते ऐकू येतं. एकेक शब्द सुटा करून, लहान मुलाला सांगावं तसं. माझ्याशी ते असं कधी बोलले नाहीत, भरभर बोलायचे, तोंडात काही तरी घोळवत. मला सगळं कळायचं.

बसचालकाचा दुसरा अहवाल आला. यंत्राने टंकलेला आहे. पहिल्यात होतं तेच त्यात आहे, फक्त आकडा मोठा झाला आहे. वीस दिवसांत किती मोठा व्हायला हवा होता, ते डॉक्टरांनी सांगितलं नाही.

आपल्यावर कारवाई होणार नाही, असं साहेबांकडून कळलं. प्रामाणिकपणाची नोंद घेऊन आपल्याला दहाव्या आवृत्तीच्या निवड समितीवर घेतलं आहे, असंही ते म्हणाले. अभिनंदन. ही आपल्याला नमस्कार सांगते. कामाच्या गडबडीत प्रकृतीकडे दुर्लक्ष करू नये. लोभ असो द्यावा, असं लिहिण्याची पद्धत आहे.

आपला
धाकटा बंधू

ता. क. आपल्या पत्राच्या दुसऱ्या पानावरच्या शेवटच्या पाचसहा ओळी मला लागल्या नाहीत. ‘एक मागायचं आहे’पर्यंत टिंबं उठलेली आहेत, पुढे सगळं सपाट. आमच्या खालच्या टपालपेटीची फट अरुंद आहे. जाड कागद तिच्यातून जात नाही म्हणून पोस्टमन तो चौघडी करून अंगठ्याने आत रेटतो. त्याला मी दोनदा सांगितलं. तो म्हणतो, फट मोठी करून घ्या. सुताराला सांगून तीन आठवडे झाले. तो येतो, माप घेतो आणि जातो.